मोझार्टवरचा रॉक ऑपेरा आणि एक श्रवणमंडळ : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातलं हे श्रवणमंडळ महिन्यातल्या एका रविवारी एका शाळेच्या सभागृहात जमतं. तबकड्यांच्या काळात ते सुरू झालं. मग कॅसेटी आल्या, सीडी आल्या, आता कुणाच्या तरी लॅपटॉपवरून काम चालतं. सभासद बहुतेक निवृत्त: बँकवाले, शिक्षक, दोन-तीन डॉक्टर. जवळजवळ प्रत्येकाने तरुणपणी गाणं, तबला, पेटी असं काहीतरी चार-पाच वर्षं शिकलेलं आणि नोकरी-संसारात सोडून दिलेलं. ही गोष्ट पुढे कामाची आहे. मी इथला जुना सभासद, आणि टिपणं ठेवायचं काम माझ्याकडे. खालची हकिगत त्या टिपणांवरून लिहिली आहे. माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलला आहे.

मंडळाचा एक जुना रिवाज आहे. ऐकण्याआधी कुणीतरी जाणकार प्रास्ताविक करतो. अनवट राग असेल तर त्याचं चलन, गायकाचं घराणं, मुद्रण कधीचं, वगैरे. अर्धा तास बोलणं आणि मग दोन तास ऐकणं. हा रिवाज बरा की वाईट, असा प्रश्न आजवर कुणालाच पडला नव्हता.

मंडळातली सगळ्यांत धाकटी सभासद फ्रेंच शिकते. तिने सुचवलं की एकदा 'मोझार्त, लोपेरा रॉक' हा फ्रेंच रॉक ऑपेरा, म्हणजे रॉकच्या गाण्यांचं संगीत नाटक, बघूया. दोव्ह आत्तिया आणि आल्बेर कोएन यांनी निर्मिलेला हा खेळ २२ सप्टेंबर २००९ ला पॅरिसच्या पाले दे स्पोरमध्ये सुरू झाला. दिग्दर्शक ऑलिव्हिए दाआं, म्हणजे एदित पियाफवरचा चित्रपट करणारा. मोझार्टच्या भूमिकेत मिकेलांजेलो लोकॉन्ते हा इटालियन गायक, त्याच्याच काळातला व्हिएन्नाचा संगीतकार सालिएरी याच्या भूमिकेत फ्लोराँ मोत. अठराव्या शतकातले जरतारी कोट, डोळ्यांभोवती गडद काजळ, विस्कटलेले केस, इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि मधूनमधून मोझार्टच्या मूळ रचनांचे तुकडे. शेवटचे प्रयोग २०११ च्या जुलैमध्ये पॅरिसमध्येच झाले. चित्रीकरण उपलब्ध असल्यामुळे इथे बसून पाहता येतं.

अडचण

मंडळात पाश्चात्त्य व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई आहेत. मोझार्ट, बीथोव्हेन, ब्राम्स यांच्या बैठका त्याच घेतात. त्यांचा या खेळाला सरळ विरोध होता, आणि तो नुसता आवडीनिवडीचा नव्हता.

पहिला मुद्दा इतिहासाचा. सालिएरी मोझार्टवर जळत होता, त्याच्याविरुद्ध कट करत होता, अशी गोष्ट जगभर पसरली. ती पसरवण्यात पुश्किनच्या १८३० च्या छोट्या नाटकाचा मोठा हात आहे, आणि विसाव्या शतकात पीटर शॅफरच्या 'अमेडिअस' या नाटकाने तिच्यावर कळस चढवला. प्रत्यक्षातला सालिएरी व्हिएन्नाच्या दरबारात मोझार्टपेक्षा कितीतरी वरच्या जागेवर होता. १७७४ पासून दरबारी संगीतकार, १७८८ पासून दरबारी संगीताचा प्रमुख. बीथोव्हेन, शूबर्ट, लिस्ट त्याच्याकडे शिकले. मोझार्टच्या मृत्यूनंतर त्याचा धाकटा मुलगासुद्धा. १७८५ मध्ये एका गायिकेचा आवाज आजारपणानंतर परत आला, म्हणून मोझार्ट, सालिएरी आणि आणखी एक संगीतकार यांनी मिळून एक छोटी रचना केली होती. हरवलेली ही रचना काही वर्षांपूर्वी प्रागमध्ये सापडली. "त्या माणसाची दोनशे वर्षं बदनामी चालली आहे, आणि आपण वर्गणीच्या पैशांनी त्यात भर घालायची?" असं बाई म्हणाल्या.

दुसरा मुद्दा संगीताचा. मोझार्टवरच्या खेळात मोझार्ट किती वाजतो? थोडाच. गाणी सगळी नवी, फ्रेंच पॉप-रॉकची. मग नाव कशाला लावायचं त्याचं?

आमच्यातल्या एका काकांचा मुद्दा याहून सोपा होता. त्यांना रॉक म्हणजे गोंगाट वाटतो. 'मी येईन, पण कापूस घेऊन येईन,' एवढंच ते म्हणाले.

धाकटीचं उत्तर असं, की मला मोझार्ट माहीत झाला तो या गाण्यांमुळेच. आधी खेळातल्या सालिएरीचं 'लासासँफोनी' हे गाणं ऐकलं, मग हा ज्याच्यावर जळतो तो कोण, म्हणून शोधायला गेले. तिचं म्हणणं खोटं ठरवायला कुणाकडे काही नव्हतं.

खरी अडचण मात्र वेगळ्याच ठिकाणी होती, आणि ती पहिल्या सभेत कुणाच्या लक्षात आली नाही. रिवाजाप्रमाणे प्रास्ताविक करायचं तर ते बाईच करणार. म्हणजे ज्या माणसाला हा खेळ खोटा वाटतो, त्याच्या तोंडून ऐकून मग आम्ही तो बघणार.

समोरचे पर्याय

सभेत चार वाटा निघाल्या. अख्खा खेळ एका बैठकीत, बाईंच्या प्रास्ताविकासह. किंवा निवडक गाणी, प्रत्येक गाण्यानंतर मोझार्टची एखादी मूळ रचना. किंवा आधी खेळ, सगळी चर्चा नंतर. किंवा हे सगळं सोडून देऊन नेहमीसारखं मोझार्टचं 'रेक्विएम', म्हणजे मृतांसाठीची प्रार्थनारचना, ऐकायचं.

दुसरी वाट मला स्वतःला त्या वेळी सगळ्यांत शहाणपणाची वाटली होती, आणि बहुतेकांनाही. तिला धाकटीने हरकत घेतली. एका गाण्याशेजारी मोझार्टचं सिंफनीचं पान ठेवलं की गाणं पडणारच, ती तुलना नाही, शिक्षा आहे, असं ती म्हणाली. काकांनी तिची बाजू घेतली, हे आश्चर्य. नाट्यसंगीताचं एखादं पद ऐकवून लगेच त्याच रागातला बडा ख्याल लावला तर पदाचं काय होतं, ते त्यांना माहीत होतं.

शेवटी ठरलं ते तडजोडीचं. खेळाचे दोन अंक, दोन महिन्यांत दोन बैठका. पहिल्या वेळी रिवाजाप्रमाणे प्रास्ताविक. दुसऱ्या वेळचं पुढे बघू.

काय केलं

आधी तांत्रिक कटकट. युरोपातली डीव्हीडी आपल्याकडच्या प्लेअरवर चालेलच असं नसतं. त्यांचा विभाग दोन, आपला पाच. एका सभासदाच्या जुन्या संगणकावर ती निघाली. सभागृहातले स्पीकर भाषणासाठी आणि फार तर गायनाच्या मुद्रणासाठी घेतलेले. ड्रमचा आणि बासचा भार त्यांना पेलवत नव्हता. आवाज वाढवला की शब्द बुडायचे. काकांचा गोंगाट निम्मा खेळाचा आणि निम्मा आमच्या स्पीकरचा होता, हे नंतर कुणीतरी घरून चांगले स्पीकर आणले तेव्हा कळलं.

भाषेचा प्रश्न धाकटीने सोडवला. जुन्या संगीत नाटकांच्या थिएटरात पदांची छोटी पुस्तिका विकायला असायची. तसंच तिने एक चारपानी पत्रक केलं. प्रत्येक गाण्याचा आशय मराठीत दोन-तीन ओळींत, आणि प्रवेशात काय घडतं ते थोडक्यात. बैठकीला आलेल्यांपैकी फ्रेंच कळणारे मोजकेच होते. हे पत्रक नसतं तर निम्मे लोक अर्ध्या तासात उठले असते.

पहिल्या बैठकीत बाईंनी नेहमीसारखं प्रास्ताविक केलं. उत्तम केलं. साल्झबुर्गचा आर्चबिशप कोलोरेदो, त्याच्याशी मोझार्टचे खटके, मानहाइमला वेबर कुटुंबाशी ओळख, त्यांच्या मुलीवरचं, अलोयझियावरचं प्रेम, पॅरिसची वारी. खेळात कुठे काय जोडलंय, काय गाळलंय, घटनांचा क्रम कुठे फिरवलाय, याची यादीही दिली. मग पहिला अंक लागला.

पुढचा तासभर सभागृहात जे चाललं ते प्रेक्षागृहात चालणारं नव्हतं. लोक चुका पकडत होते. 'हे असं नव्हतं ना, बाई?' असा आवाज पुढच्या रांगेतून येत होता. 'तातू-म्वा' हे या खेळाचं सगळ्यांत चाललेलं उडत्या चालीचं गाणं. त्यात मोझार्ट पोरींमध्ये उड्या मारतो, तेव्हा हशा झाला, पण तो गाण्याने मिळवलेला हशा नव्हता.

एकच प्रवेश या सगळ्यातून वाचला. १७७८ च्या वसंतात मोझार्ट आईला घेऊन पॅरिसला आला. काम मिळेना. सरदारांच्या घरी थंडगार खोलीत ताटकळत बसायचं, भिकार पियानो वाजवायचा, आणि मंडळी चित्रं काढत बसलेली. आपण खुर्च्या, टेबलं आणि भिंतींसाठी वाजवलं, असं त्याने वडिलांना लिहिलं आहे. ३ जुलैला आई गेली. त्याच रात्री त्याने दोन पत्रं लिहिली. वडिलांना कळवलं की आई फार आजारी आहे. एका कुटुंबमित्राला खरं ते कळवलं आणि विनंती केली, की बाबांच्या मनाची तयारी करा. ही पत्रांची गोष्ट बाईंनी प्रास्ताविकात सांगितली होती. पडद्यावर ती जशीच्या तशी येत नाही, पण आई जाते, अलोयझिया झिडकारते, आणि त्या काळोखातून 'जे दोर स्यूर दे रोझ' हे गाणं येतं, तेव्हा कुणी चूक पकडली नाही. इथे माहितीने प्रवेशाला टेकू दिला. बाकी ठिकाणी तिने प्रवेशाचे पाय ओढले.

बैठक संपल्यावर लोक बाईंभोवती जमले ते यादीतल्या चुका सापडल्याचं सांगायला. बाईंनी सोबत ए मायनरमधल्या पियानो सोनाटाचं मुद्रण आणलं होतं. मोझार्टच्या रचनांच्या सूचीत के. ३१०, त्याच पॅरिसच्या उन्हाळ्यातलं, मायनर म्हणजे उदास छटेच्या स्वरश्रेणीतल्या त्याच्या अगदी मोजक्या सोनाटांपैकी एक. ते ऐकूया असं कुणी म्हटलंच नाही. वेळही संपली होती.

निर्णयाची जागा

दुसऱ्या बैठकीआधी बाईंनी स्वतःच सांगितलं की या वेळी मी आधी बोलणार नाही. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "मी त्यांना परीक्षक करून टाकलं." काही जुन्या सभासदांना हे आवडलं नाही. प्रास्ताविक नाही म्हणजे शिस्त नाही, उद्या कुणीही काहीही लावेल, ही त्यांची भीती. थोडी वादावादी झाली. शेवटी एवढंच ठरलं की पत्रक असेल, कथा माहीत असेल, बाकी सगळं नंतर.

दुसरा अंक व्हिएन्नाचा आणि मुख्यतः सालिएरीचा. पहिल्या अंकात तो दिसतच नाही. इथे येतो, आणि माझ्या मते खेळ खरा सुरू होतो तो इथून.

मोझार्टला रॉकस्टार करणं ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियाच्या फाल्कोने १९८५ मध्येच एका गाण्यात ती वापरून जगभर नाव मिळवलं होतं. या खेळातली मोझार्टची स्वतःची गाणी बहुतेक चांगल्या पॉपच्या पातळीवर राहतात. बंडखोर, खट्याळ, प्रेमात पडलेला, पैशाने खंक. त्याचं संगीत काय होतं, याचा अंदाज त्या गाण्यांवरून येत नाही, आणि येणारही नाही. कारण त्याने जे केलं, ते त्याच्याच सुरांत आधीच सांगून झालेलं आहे.

सालिएरीचं तसं नाही. तो इथे ऐकणारा आहे. मोझार्टची रचना कानावर पडते आणि त्याला त्याच क्षणी कळतं की हे आपल्याला कधीच जमणार नाही. दरबारात बाकी कुणाला ते कळत नाही, याला एकट्याला कळतं, कारण तोच तेवढा तयार आहे. 'ल ब्यँ कि फे माल'मध्ये सुख आणि यातना एकाच ठिकाणाहून येतात. 'लासासँफोनी'मध्ये रात्रभर झोप नाही, डोक्यातलं ते संगीत थांबत नाही, ते मारून टाकावंसं वाटतं. गिटार, ड्रम, वर चढत जाणारी तंतुवाद्यं, आणि मोतचा आवाज फाटायच्या बेतात येऊन न फाटणारा. या भावनेला अठराव्या शतकातल्या बांधेसूद चालीत जागा मिळाली नसती. रॉकचा इथे उपयोग आहे. खेळाला त्याच्या नावातला मोझार्ट सापडला नाही, पण मोझार्ट ऐकणं म्हणजे काय ते सापडलं.

सभागृहात हे पोचलं, आणि कुणाला पोचलं ते बघण्यासारखं होतं. तरुणांना गाणी आवडलीच. पण खिळून बसले ते शिकता शिकता सोडून दिलेले. आपल्याला चांगलं ऐकू येतं आणि म्हणूनच आपण काय वकुबाचे होतो तेही ऐकू येतं, ही जाणीव आमच्या मंडळात दर रविवारी खुर्च्यांवर बसलेली असते. तिच्याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो.

काय झालं

या वेळची चर्चा लांबली. सुरुवात काकांनी केली. कापूस खिशातच राहिला होता. ते म्हणाले, आपल्याकडेही एखाद्या गवयाचा आवाज गेला की शेंदूर घातल्याची गोष्ट निघतेच. कुणी घातला, त्याचं नावही सांगतात. पुरावा कुणी मागत नाही. मग त्यांनी 'कट्यार काळजात घुसली'ची आठवण काढली. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांच्या चाली, १९६७ सालचं. त्यातही लोक थिएटरात जायचे ते वसंतरावांचा खाँसाहेब ऐकायला. ज्याच्या मनात आग आहे, त्याला नाटकात चांगली गाणी मिळतात. सज्जन पंडितजींना लोक नमस्कार करून घरी जातात.

मग बाई बोलल्या. पहिल्या वेळचीच माहिती, पण आता लोक ती वेगळ्या कानांनी ऐकत होते. या खेळातला सालिएरी विष घालत नाही. जळतो, कारस्थानात ओढला जातो आणि शेवटी मरणाऱ्या मोझार्टच्या जवळ येतो. दोघं मिळून 'व्हिव्र आ आँ क्रेव्हे' गातात. अशी भेट झाल्याची नोंद नाही. पण बाईंनी ऑक्टोबर १७९१ मधल्या एका पत्राची गोष्ट सांगितली. मोझार्टने बायकोला लिहिलेल्या अगदी शेवटच्या पत्रांपैकी ते एक. तो सालिएरीला आणि गायिका काव्हालिएरीला गाडीतून आपला 'मॅजिक फ्लूट' हा ऑपेरा दाखवायला घेऊन गेला. सालिएरीने लक्षपूर्वक पाहिलं, ऐकलं, आणि सुरुवातीच्या सिंफनीपासून शेवटच्या समूहगीतापर्यंत एकही जागा अशी नव्हती जिथे त्याच्या तोंडून दाद निघाली नाही. मोझार्टला याचा आनंद झाला होता. दोनच महिन्यांत, ५ डिसेंबरला, तो गेला. अंत्यविधीला आलेल्यांत सालिएरी होता.

हे ऐकल्यावर धाकटी गप्प झाली. मग म्हणाली की मग तर खेळातली शेवटची भेट खोटी कशी म्हणायची, फक्त जागा आणि दिवस बदललाय. बाईंनी मान्य केलं नाही. बदनामी करून शेवटी गळाभेट घडवली म्हणजे हिशोब फिटत नाही, असं त्या म्हणाल्या. यावर मंडळात अजून एकमत नाही. मला बाईंचं पटतं, पण त्या गळाभेटीच्या गाण्याला मी पाणावलो होतो, हेही खरं.

के. ३१० त्या दिवशी वाजला. कुणी मागितला म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

दोन बैठकांची तुलना करून प्रास्ताविक बंदच करा, असं म्हणणारा एक गट तयार झाला आहे. मला ते घाईचं वाटतं. आईच्या मृत्यूच्या प्रवेशाला पत्रांची माहिती आधी असल्याचा फायदाच झाला. फरक आधी की नंतर एवढाच नाही. पत्रांची गोष्ट माणसाबद्दल होती, चुकांची यादी खेळाबद्दल होती. पुढच्या वेळी प्रास्ताविक करणाऱ्याने यादी खिशात ठेवली तरी पुष्कळ. आणि सोनाटा पहिल्याच बैठकीत, त्या प्रवेशानंतर खेळ थांबवून ऐकायला हवा होता. मध्यंतर तिथेच घेतलं असतं तर वेळेची सबबही उरली नसती.

पत्रकात शेवटच्या गाण्याचा आशय द्यायला नको होता. दोघं समेट करतात हे लोक आधीच वाचून बसले होते. आशय प्रवेशागणिक वाटता आला असता, किंवा शेवटचं पान घडी घालून चिकटवता आलं असतं.

स्पीकर आधी तपासायला हवे होते. रॉकबद्दलचा पूर्वग्रह आणि वाईट ध्वनी एकत्र आले की कशाला दोष द्यायचा ते कळत नाही.

परवानगीचा मुद्दाही आहे. ध्वनिमुद्रण मंडळात ऐकवणं आणि चित्रफीत पडद्यावर दाखवणं कायद्याच्या दृष्टीने एक नव्हे. तिकीट लावलं नाही, सभासदांपुरतं ठेवलं, एवढ्याने ते आपोआप खासगी होत नाही. पुढच्या चित्रफितीआधी याची रीतसर चौकशी करायचं काम एका वकील सभासदाकडे दिलं आहे.

आणि एक गोष्ट दोन्ही बैठकांत कुणालाच सुचली नाही, बाईंनासुद्धा. सालिएरीच्या बाजूने आणि विरुद्ध एवढं बोलणं झालं, पण त्याची एकही रचना आम्ही लावली नाही. त्याने १८०४ मध्ये स्वतःसाठी एक रेक्विएम लिहून ठेवला होता, तो १८२५ मध्ये त्याच्याच स्मरणार्थ वाजला. १८१५ मध्ये त्याने 'ला फोलिया' या जुन्या स्पॅनिश धुनेवर वाद्यवृंदासाठी सव्वीस रूपं बांधली. मोझार्ट जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. ही रूपं पुढच्या महिन्याच्या बैठकीत लावायची ठरली आहेत. बाई बोलणार आहेत, ऐकून झाल्यावर. काकांनी चांगले स्पीकर आणायचं कबूल केलं आहे.